कच्च्या रस्त्यावर कॅरॅव्हॅनमध्ये धूळ शिरू नये यासाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटारीमागे जोडून ओढायच्या कॅरॅव्हॅनमधून, म्हणजे चाकांवरच्या घरातून, डांबर नसलेल्या रस्त्यांवर प्रवास करणाऱ्यांना, आणि तसा प्रवास करण्याच्या तयारीत असणाऱ्यांना, नेहमी पडणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. गॅस आणि वायुविजनासंबंधीची उत्तरे कृपया वगळू नयेत. धूळ अडवण्याच्या उत्साहात सर्वांत गंभीर चुका त्याच ठिकाणी होतात.

दार-खिडक्या घट्ट लावलेल्या असतानाही धूळ आत येते कुठून?

कॅरॅव्हॅनची मागची बाजू उभी आणि सपाट असते. वेगात असताना तिच्या मागे कमी दाबाचा, भोवऱ्यांनी भरलेला पट्टा तयार होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ त्या पट्ट्यात घोळत राहते. तळाखालून आणि चाकांच्या कमानींभोवतूनही हवा वेगाने, अस्ताव्यस्त वाहत असते. त्यामुळे बाहेरचा दाब ठिकठिकाणी वेगवेगळा असतो. जेथे तो आतल्यापेक्षा जास्त असतो तेथून हवा आत घुसते आणि जेथे कमी असतो तेथून बाहेर पडते. आत येणारी हवा धूळ घेऊन येते, आत तिचा वेग मंदावतो, धूळ गाद्यांवर, कपाटांत आणि भांड्यांवर बसते, आणि हवा मात्र दुसऱ्या फटीतून निघून जाते. म्हणजे धूळ आत ढकलली किंवा ओढली जाते ती दाबातल्या फरकामुळे, आणि हे एकदा नीट समजले की पुढचे सगळे उपाय आपोआप जागच्या जागी बसतात.

फटींची नेमकी ठिकाणे बहुधा नजरेआड असतात. दाराची खालची कड, चाकांच्या कमानी आणि जमीन यांचा सांधा, नळ, वायरी व गॅसच्या नळ्या जाण्यासाठी जमिनीला पाडलेली भोके, बाहेरून उघडणाऱ्या सामानाच्या कप्प्यांची झाकणे, फ्रिजमागची पोकळी, शौचालयाची टाकी काढण्याचे दार, वीजजोडणीची खोबण आणि बेसिनचा सांडपाण्याचा पाइप ही नेहमीची ठिकाणे होत. पाइप किंवा वायर जेवढी जाडी घेते त्यापेक्षा बरेच मोठे भोक कारखान्यात पाडलेले असते आणि ते कपाटामागे झाकले गेल्यामुळे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

वेगाचा धुळीशी खरोखर संबंध आहे का?

थेट संबंध आहे. वाहत्या हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 40 किलोमीटर वेगाला तो सुमारे 75 पास्कल असतो, तर ताशी 80 किलोमीटरला सुमारे 300 पास्कल. वेग दुप्पट केला की हवेचा जोर चौपट होतो. शिवाय वेग वाढला की चाके अधिक धूळ उडवतात आणि कॅरॅव्हॅनचा सांगाडा अधिक हादरतो, त्यामुळे उभ्या स्थितीत बंद दिसणाऱ्या फटी धावताना उघडझाप करू लागतात. रस्त्यावर आडव्या लाटा पडलेल्या असतील तर हा परिणाम फार जाणवतो. वेग कमी करणे हा एकमेव उपाय असा आहे की त्यासाठी कोणतेही साहित्य लागत नाही आणि तो त्याच क्षणी लागू होतो.

फटी शोधायच्या कशा?

सर्वांत विश्वासार्ह पुरावा धूळ स्वतःच देते. धुळीच्या रस्त्यावरून आल्यावर आत शिरताच झाडलोट सुरू करू नये. आधी विजेरी घेऊन प्रत्येक कपाट, पलंगाखालचे कप्पे आणि बाकांखालच्या जागा पाहाव्यात. हवा जेथून जोराने येते तेथे धुळीचा पंख्याच्या आकाराचा पट्टा उमटलेला असतो आणि त्याचे टोक बरोबर फटीकडे निर्देश करते. त्या ठिकाणांची छायाचित्रे काढून ठेवावीत, खडूने खुणा कराव्यात आणि मगच साफसफाई करावी.

घरून निघण्यापूर्वी तपासणी करायची असेल तर दोन पद्धती आहेत. पहिली प्रकाशाची: रात्री आत प्रखर दिवे लावून, पलंगांखालची फळी व कपाटांची दारे उघडी ठेवून, बाहेरून तळाखाली वाकून पाहावे. यात सरळ भोके लगेच दिसतात. मात्र वाकड्या फटीतून हवा जाते आणि प्रकाश जात नाही, म्हणून केवळ या पद्धतीवर विसंबून राहू नये. दुसरी पद्धत धुराची: सर्व खिडक्या लावून छतावरच्या झरोक्यातील पंखा हवा बाहेर फेकेल असा चालवावा आणि धूर देणारी बारीक कांडी सांध्यांजवळून हळूहळू फिरवावी. जेथे धुराची रेषा एकदम आतल्या बाजूला वाकते तेथे फट आहे. ही चाचणी गॅसची टाकी बंद करून आणि पडदे, गाद्या यांच्यापासून अंतर राखूनच करावी.

दारासाठी कागदाची पट्टी पुरते. पट्टी चौकटीत धरून दार लावावे आणि ओढून पाहावे. ती अडथळ्याशिवाय सुटून आली तर त्या जागी रबर दाबले जात नाही. ही तपासणी दाराच्या चारही बाजूंना, थोड्या थोड्या अंतराने करावी लागते, कारण वरच्या कडेला उत्तम बसणारे दार खालच्या कोपऱ्यात अनेकदा उघडे राहिलेले असते.

फटी बुजवण्यासाठी कोणते साहित्य वापरावे?

फट हलणारी आहे की स्थिर, आणि ती पुन्हा उघडावी लागेल की नाही, यावर निवड ठरते. जमिनीतली कायमची भोके आणि कमानींचे सांधे यांसाठी पॉलियुरेथेन सीलंट माझ्या मते सर्वांत योग्य आहे. ते सुकल्यावरही लवचीक राहते, त्यामुळे सांगाडा हादरला तरी सुटत नाही, आणि त्यावर रंगही बसतो. सिलिकॉन स्वयंपाकघराच्या व न्हाणीच्या कडांना ठीक आहे, परंतु तळाला वापरू नये. त्यावर नंतर दुसरे काही चिकटत नाही आणि दुरुस्तीच्या वेळी ते पूर्णपणे खरवडून काढावे लागते. फट रुंद असेल तर आधी फोमची गोल दोरी आत दाबून मग वर सीलंट भरावे, म्हणजे ते आत ओघळत नाही.

फुगणारा फोम वापरण्याचा मोह होतो, कारण काम पटकन होते. मोठ्या, बंदिस्त पोकळीत तो चालतो. मात्र तो कठीण होतो, सततच्या हादऱ्यांनी कडेपासून सुटतो, आणि वायरी व नळ्या त्यात कायमच्या अडकून बसतात. उघड्या तळाशी त्याचा वापर टाळावा.

झाकणे आणि दारे यांना बंद पेशींच्या रबरी फोमची पट्टी किंवा आतून पोकळ असलेली ईपीडीएम रबराची (ऊन-पावसात टिकणाऱ्या कृत्रिम रबराची) पट्टी लावावी. खुल्या पेशींचा मऊ फोम दिसायला सारखाच असतो, पण त्यातून हवा आरपार जाते. पट्टी लावण्यापूर्वी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी करणे आवश्यक आहे. धुळीवर चिकटवलेली पट्टी पहिल्याच खराब रस्त्यावर निघून येते. पट्टी फार जाड निवडली तर कडी-कोयंड्यावर ताण येतो आणि दार वाकून दुसऱ्याच कोपऱ्यात फट पडते.

गॅससाठी ठेवलेले खालचे झरोके बंद केले तर चालेल का?

नाही. ते प्रवासापुरतेही बंद करू नयेत.

द्रवरूप पेट्रोलियम गॅस हवेपेक्षा जड असतो; प्रोपेन सुमारे दीडपट आणि ब्युटेन सुमारे दुप्पट. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो आणि खालच्या झरोक्यांतून वा तळातील मुद्दाम ठेवलेल्या भोकांतून बाहेर पडतो. हे मार्ग बुजवले तर साचलेल्या गॅसला एक ठिणगी पुरेशी होते. दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि अपुऱ्या हवेत जळणाऱ्या शेगडीतून किंवा हीटरमधून तो तयार होतो. म्हणूनच अनेक देशांच्या नियमांत कॅरॅव्हॅनमध्ये कायम उघडे राहणारे झरोके ठेवणे बंधनकारक आहे.

काही प्रवासी धुळीच्या पट्ट्यापुरती या झरोक्यांवर चिकटपट्टी लावतात आणि मुक्कामी काढतात. थकून पोहोचल्यावर एखादे दिवशी ती काढायची राहून जाते आणि त्याच रात्री हीटर लावला जातो, ही शक्यता मी कधीही स्वीकारणार नाही. झरोके उघडे ठेवूनही त्यांतून धूळ येऊ न देण्याचा मार्ग उपलब्ध आहे. तो पुढच्या उत्तरात दिला आहे. गॅस व कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे सूचक यंत्र प्रत्येक कॅरॅव्हॅनमध्ये असावे, हेही येथेच नमूद करतो.

लेड-ॲसिड बॅटरीच्या कप्प्याबाबतही हाच नियम आहे. अशी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत त्याचे प्रमाण 4 टक्क्यांवर गेले की मिश्रण स्फोटक होते. तो कप्पा राहत्या भागापासून पूर्ण बंद, पण बाहेरच्या हवेला खुला असला पाहिजे.

आतला दाब वाढवणे म्हणजे नेमके काय?

कॅरॅव्हॅनमध्ये वरून, शक्य तितकी स्वच्छ हवा सतत आत भरत राहायची, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो आणि उरलेल्या प्रत्येक फटीतून हवा बाहेरच्या दिशेने वाहते. बाहेर जाणाऱ्या हवेविरुद्ध धूळ आत येऊ शकत नाही. गॅसचे झरोके उघडे ठेवूनही कॅरॅव्हॅन स्वच्छ राहते ती याच कारणाने, आणि म्हणून धूळ अडवण्याच्या सगळ्या उपायांत मी याला सर्वांत वरचे स्थान देतो.

हे तीन प्रकारे साधता येते. सर्वांत जुनी पद्धत म्हणजे छतावरचा पुढचा झरोका पुढच्या दिशेने थोडा उघडा ठेवणे. धावत्या गाडीसमोरची हवा त्यातून आत दाबली जाते. यासाठी खर्च नाही, परंतु साधे झरोके चालत्या गाडीत उघडे ठेवण्यासाठी बनवलेले नसतात. जोराच्या वाऱ्याने झाकण तुटू शकते, आणि समोरून मालवाहू गाडी आली की तिची धूळ गाळणीशिवाय सरळ आत येते.

दुसरा प्रकार म्हणजे छतावर कायम बसवायची, पुढे तोंड असलेली आणि आत गाळणी असलेली हवापेटी. ती गाडीच्या वेगावर चालते, तिला वीज लागत नाही. मात्र वेग अगदी कमी झाला की वर सांगितलेल्या वर्गाच्या नियमाने तिचा जोर झपाट्याने घटतो आणि थांबल्यावर तो शून्य होतो.

तिसरा प्रकार 12 व्होल्टच्या पंख्याचा. पंखा गाळणीतून हवा ओढून आत भरतो. गाडी हळू चालो की थांबो, त्याच्या कामात फरक पडत नाही. खडकाळ, वळणावळणाच्या रस्त्यावर जेथे वेग ताशी 20 ते 30 किलोमीटरच्या वर जात नाही, तेथे हाच प्रकार खात्रीचा आहे. त्याची गाळणी मात्र नियमित साफ करावी लागते, कारण तुंबलेल्या गाळणीमागे पंखा कितीही फिरला तरी हवा येत नाही.

तिन्ही प्रकारांत हवा घेण्याची जागा उंच आणि पुढे असावी. धूळ चाकांजवळ उठते आणि मागे जाता जाता दाट होत जाते. छताच्या पुढच्या भागातील हवा तुलनेने सर्वांत स्वच्छ असते. इतर सर्व झरोके आणि खिडक्या बंद ठेवाव्यात. मागची एखादी खिडकी उघडी राहिली तर सगळा दाब तेथूनच निघून जातो.

मग फटी बुजवण्याची गरज काय? केवळ दाब वाढवून भागत नाही का?

भागत नाही. फटी जितक्या मोठ्या, तितकी जास्त हवा आत भरावी लागते, आणि छोट्या हवापेटीची तेवढी क्षमता नसते. फटी भरपूर ठेवून पेटी बसवली की धूळ थोडी कमी होते, पूर्ण थांबत नाही, आणि प्रवासी पेटीला दोष देतात. आधी तळ आणि कमानी, मग दारे व झाकणे, आणि सर्वांत शेवटी दाब, हाच क्रम योग्य आहे.

फ्रिजच्या मागच्या जाळ्यांतून येणाऱ्या धुळीचे काय करावे?

फ्रिजमागच्या पोकळीला बाहेरची हवा लागतेच. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजच्या ज्योतीला खालच्या जाळीतून हवा मिळते व जळालेले वायू वरच्या जाळीतून जातात. विजेवर चालतानाही उष्णता त्याच वाटेने बाहेर पडते. म्हणून जाळ्या बंद करण्याऐवजी ती पोकळी आणि राहता भाग यांच्यामधला सांधा पूर्णपणे बंद करावा. फ्रिजच्या चारही कडांना, आणि वायरी व नळ्या आत येतात तेथे, उष्णता सहन करणारे साहित्य वापरून हे काम केले की पोकळीत धूळ आली तरी ती घरात येत नाही. गॅसवरील फ्रिजचे हे काम परवानाधारक गॅस-कारागिराकडूनच करून घ्यावे, कारण जळालेले वायू आत न येणे हाही त्याच सांध्याचा हेतू आहे. पोकळीत साचलेली धूळ अधूनमधून हलक्या ब्रशने काढावी. ज्योतीच्या बर्नरवर धूळ बसली की फ्रिज नीट थंड करत नाही.

बेसिनमधून धूळ येते, हे खरे आहे का?

हो. अनेक कॅरॅव्हॅनमध्ये सांडपाण्याचा पाइप तळाखाली उघडाच सुटतो आणि पाइपाच्या वळणात पाणी धरून ठेवणारा खड्डा नसतो. निघताना बेसिन व न्हाणीची बुचे लावावीत, आणि पाइपाच्या बाहेरच्या टोकाला टोपण घालावे.

चाकांमागे मडफ्लॅप लावल्याने धूळ कमी होते का?

थोडी होते, परंतु त्यांचे मुख्य काम दगड अडवण्याचे आहे. ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकांनी उडवलेले दगड कॅरॅव्हॅनच्या तळावर आदळतात, त्यामुळे नळ्या सुटतात आणि सीलंटला तडे जातात. अशा अप्रत्यक्ष मार्गाने ते धुळीलाही वाट करून देतात. म्हणून मडफ्लॅप अवश्य लावावेत, पण त्यांच्याकडून धूळ थांबण्याची अपेक्षा ठेवू नये. टायरमधील हवा उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत कमी करणे आणि त्याबरोबर वेगही कमी करणे यांचा उपयोग अधिक होतो, कारण हादरे कमी झाले की सांधे टिकतात.

ऑस्ट्रेलियात ‘बुलडस्ट’ म्हणतात ती धूळ वेगळी असते का?

ती अतिशय बारीक असते, टाल्कम पावडरसारखी, आणि रस्त्यातले खोल खड्डे तिने काठोकाठ भरून सपाट दिसतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागातला गिब रिव्हर रोड, दक्षिण ऑस्ट्रेलियातला ऊडनाडट्टा ट्रॅक अशा लांब कच्च्या मार्गांवर जाणाऱ्यांनी तिची तयारी ठेवूनच निघावे. इतकी सूक्ष्म धूळ अशा फटींतूनही येते ज्यांतून सामान्य मुरमाची धूळ येत नाही, आणि खड्ड्याची खोली दिसत नसल्याने हादराही अनपेक्षित बसतो. तेथे केवळ रबरी पट्ट्यांवर भागत नाही. आतला दाब वाढवणारी सोय हवीच.

दुसऱ्या गाडीच्या मागे जाताना किती अंतर ठेवावे?

तिची धूळ बसेपर्यंत, किंवा वाऱ्याने रस्त्याच्या एका बाजूला जाईपर्यंत. स्थिर हवेत 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा खनिज कण सेकंदाला एक सेंटिमीटरपेक्षाही कमी वेगाने खाली येतो. दोन मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला सुमारे चार मिनिटे लागतात. वारा पडलेला असेल तर काही मिनिटांचे अंतर हे म्हणूनच अवाजवी नाही. धुळीत पुढची गाडी दिसत नसताना ओलांडण्याचा प्रयत्न जिवावर बेततो. दिवसाही पुढचे दिवे सुरू ठेवावेत.

थांबतानाही हेच लक्षात घ्यावे. गाडी थांबली की मागून आपलीच धूळ पुढे येते. लगेच दार उघडल्यास एवढे करून वाचवलेले सारे वाया जाते. शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून थांबावे आणि काही मिनिटे दार बंदच ठेवावे.

अंथरुणे, कपडे आणि भांडी यांचे रक्षण कसे करावे?

अंथरुणे चेन असलेल्या पिशव्यांत ठेवावीत आणि पलंगावर एक जुनी चादर पसरावी. रोजच्या वापराची भांडी घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावीत. यापेक्षा अधिक खटाटोप करावा लागत असेल तर फटी शोधण्याचे काम अपुरे राहिले आहे असे समजावे.

शिरलेली धूळ कशी काढावी?

कोरडा झाडू वापरू नये. बारीक धूळ हवेत उडते आणि तासाभराने पुन्हा तेथेच बसते. आधी सर्व झरोके व खिडक्या उघडाव्यात, मग वरून खाली या क्रमाने ओल्या मायक्रोफायबर कापडाने पुसावे आणि शेवटी हेपा गाळणी असलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने जमीन स्वच्छ करावी. हेपा गाळणी 0.3 मायक्रॉनचे कणही किमान 99.97 टक्के अडवते. साध्या यंत्रातून तेच कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येतात. बिजागऱ्या व सरकत्या खणांच्या पट्ट्यांना तेल लावू नये, कारण तेलावर धूळ चिकटून घासणारा लेप तयार होतो. कोरडे वंगण वापरावे.

ही धूळ आरोग्याला अपायकारक आहे का?

10 मायक्रॉनपेक्षा लहान कण श्वासावाटे आत जातात आणि 2.5 मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. अनेक मातींमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका असते. कामाच्या ठिकाणी श्वासावाटे जाणाऱ्या अशा सिलिकेला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1997 मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले. खाणकामगाराच्या तुलनेत प्रवाशाचा संपर्क फारच थोडा असतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र दमा असणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी साफसफाईच्या वेळी बाहेर थांबावे, आणि साफसफाई करणाऱ्याने एन-95 किंवा त्या दर्जाचा मास्क वापरावा.

रबरी पट्ट्या किती वेळाने बदलाव्यात?

ठरावीक मुदत सांगता येत नाही. ऊन आणि दाब यांवर ते अवलंबून असते. बोटाने दाबल्यावर रबर पूर्ववत होत नसेल, त्यावर बारीक भेगा दिसत असतील किंवा कागदाची पट्टी सहज सुटत असेल, तर पट्टी बदलावी. तोपर्यंत ती ओल्या कापडाने पुसून अधूनमधून सिलिकॉनचा फवारा द्यावा. पेट्रोलियमयुक्त वंगणाने ईपीडीएम रबर फुगते व मऊ पडते, म्हणून ते लावू नये. कॅरॅव्हॅन बरेच महिने उभी राहणार असेल तर बाहेरच्या कप्प्यांच्या कड्या शक्य तेवढ्या सैल ठेवाव्यात, म्हणजे पट्ट्या एकाच जागी दबून कायमच्या चपट्या होत नाहीत.